व्हेंटिलेटर 'काढला' म्हणजे…

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली, तेव्हा सकाळी पेपर उघडला की आकडे समोर यायचे. संशयित रुग्ण इतके, आयसीयूत इतके, व्हेंटिलेटरवर इतके. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतल्या घराघरांत बायका पाणी उकळून गाळत होत्या आणि नजर मात्र त्या शेवटच्या आकड्यावर होती. साथ ओसरेपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. दूषित पाण्याची चर्चा झाली, विहिरीची झाली, टँकरची झाली, उपचारांच्या खर्चाचीही झाली. ती व्हायलाच हवी होती. पण व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस तिथून उतरतो कसा, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. जणू तो आकडा म्हणजे परतीचा रस्ता नसलेलं गावच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आयसीयूत रुग्णांच्या छातीचे व्यायाम घेण्यात, कफ मोकळा करण्यात आणि त्यांना पलंगाच्या कडेला बसवण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. इतक्या वर्षांत नातेवाइकांच्या तोंडून सर्वाधिक वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं असेल, तर 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय म्हणजे आता काही खरं नाही ना?' आणि त्याहून गंमत म्हणजे, गंमत कसली, काळजात चर्र होतं, सिस्टर जेव्हा बाहेर येऊन चांगली बातमी सांगते, 'आज व्हेंटिलेटर काढून बघतोय', तेव्हा बाहेर रडारड सुरू होते. कुणीतरी गावाला फोन लावतं, 'लगेच निघा.'

चूक त्या माणसांची नाही. आपल्या भाषेत 'व्हेंटिलेटर काढला' या दोन शब्दांचा एकच अर्थ रुजलाय. संस्था डबघाईला आली की मथळा येतो, 'अमुक बँक व्हेंटिलेटरवर'. सरकार डळमळलं की तेही व्हेंटिलेटरवर. राजेश मापुसकरांचा २०१६ चा 'व्हेंटिलेटर' आपण सगळ्यांनी पाहिला. ऐन गणपतीच्या तोंडावर गजूकाका आयसीयूत जातात आणि सगळं गणगोत गोळा होतं. सिनेमा सुंदर होता, हसवलं आणि रडवलंही. पण व्हेंटिलेटर म्हणजे निरोपाची वेळ, हे आपल्या मनातलं समीकरण त्यातही होतंच.

डॉक्टर मंडळी व्हेंटिलेटरवरून उतरवण्याला 'वीनिंग' म्हणतात. मैत्रिणींनो, हा शब्द आपल्याला चांगला ओळखीचा आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं की बालरोगतज्ज्ञ जे वीनिंग सांगतात, तेच हे. अंगावरचं दूध हळूहळू कमी करत पेज, वरणभात सुरू करायचा. अलीकडे काही डॉक्टर म्हणतात, हा शब्दच नको, 'लिबरेशन' म्हणा. म्हणजे सुटका, मुक्ती. इंग्रजीत ठीक आहे हो, पण मराठीत आयसीयूच्या दारात उभं राहून 'तुमच्या आईची सुटका झाली' असं सांगून बघा! 'सुटली बिचारी' याचा आपल्याकडे अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

शब्दांचा हा घोळ नुसता शब्दांपुरता राहत नाही. त्यावर निर्णय होतात. जीबीएसचंच उदाहरण घ्या. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवर हल्ला करते. आधी पाय लुळे पडतात, मग हात, आणि साधारण चारातल्या एका रुग्णाचे श्वासाचे स्नायूही थकतात. म्हणून व्हेंटिलेटर. यात मेंदू शाबूत असतो आणि फुफ्फुसंही बऱ्याचदा चांगली असतात. भात्याला काही झालेलं नसतं, भाता हलवणारे हात दमलेले असतात. तंतू सावरले की बहुतेक रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरतात. फक्त वेळ लागतो, कधी दोन आठवडे तर कधी दोन महिने. या काळात घरचे पैशांनी आणि मनानं मोडतात. 'आता कशाला हाल?' असं कुणीतरी वडीलधारं म्हणतं आणि रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर सही होते. जो उतरणार होता, तो उतरत नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातली एक तरुण शिक्षिका अशीच आमच्याकडे होती. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली, हातपाय निपचित. हलत होत्या त्या फक्त पापण्या. मी एका पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी लिहिली होती. अक्षरावरून बोट फिरवायचं, हवं ते आलं की ती पापणी मिटायची. एका दुपारी तिनं दहा मिनिटं खर्चून तीन शब्द सांगितले, 'दीर काय म्हणाले'. आदल्या संध्याकाळी पलंगाशी उभं राहून दीर म्हणाले होते, 'किती दिवस असं ठेवायचं?' तिनं सगळं ऐकलं होतं. तिची सासू मात्र हटली नाही. रोज सकाळी विचारायची, 'आज किती वेळ स्वतःहून घेतला श्वास?' पाच मिनिटं, वीस मिनिटं, दीड तास. चौतिसाव्या दिवशी यंत्र बाजूला गेलं.

सासूबाई सातवी शिकलेल्या. पण त्या विचारत होत्या तोच प्रश्न वैद्यकशास्त्राला सापडायला १९९५ साल उजाडलं. त्याआधी व्हेंटिलेटर अगदी दूध तोडल्यासारखाच कमी करत. यंत्रानं मिनिटाला बारा श्वास द्यायचे, उद्या दहा, परवा आठ. दिसायला किती शहाणपणाचं! मग स्पेनमधल्या डॉक्टरांनी ५४६ रुग्णांना, बरं वाटू लागल्यावर, सरळ दोन तास स्वतःचा श्वास घेऊ दिला. ४१६ जण पहिल्याच परीक्षेत पास झाले आणि त्यांची नळी निघाली. म्हणजे चारातल्या तिघांना हळूहळू उतरवण्याची गरजच नव्हती. उरलेल्या १३० जणांवर वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा श्वासांची संख्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्यापेक्षा दिवसातून एकदा स्वतः श्वास घ्यायला लावण्यानं सुटका जवळजवळ तिप्पट लवकर झाली.

या परीक्षेत होतं काय? आधी मूळ दुखणं आवरलेलं हवं, रक्तदाब स्थिर हवा, ऑक्सिजनची गरज उतरलेली हवी. गुंगीची औषधं कमी करून रुग्णाला जागं करतात. 'डोळे उघडा, हात दाबा' म्हटलं की त्यानं ऐकायला हवं. मग यंत्राची मदत अगदी कमी करतात किंवा नळीला इंग्रजी टी आकाराचा तुकडा जोडून नुसता ऑक्सिजन देतात. वेळ अर्धा तास ते दोन तास. या वेळात आम्ही यंत्राकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघतो. श्वास मिनिटाला पस्तीसच्या वर जातोय का? कपाळावर घाम? मानेचे स्नायू ताणले जातायत? नजर घाबरलीय? खोकला जोरात येतो का, हेही बघतो, कारण नळी निघाल्यावर कफ ज्याचा त्यानंच बाहेर काढायचा असतो. जीबीएसमध्ये तर उशीवरून डोकं उचलता येतं का, हीसुद्धा मोठी खूण असते. परीक्षेत नापास झालं तर आभाळ कोसळत नाही. पुन्हा यंत्र जोडायचं, रात्रभर विश्रांती द्यायची, का जमलं नाही ते शोधायचं, उद्या पुन्हा.

'पण एवढी घाई कशाला? राहू दे ना अजून दोन दिवस, सेफ!' असंही नातेवाईक म्हणतात. तर, सेफ नसतं ते. श्वास घेण्याचं मुख्य काम करणारा स्नायू म्हणजे श्वासपटल. तो जन्मापासून एक दिवसही सुट्टी घेत नाही. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की अठरा ते एकोणसत्तर तास सगळं काम यंत्रानंच केलं, तर या स्नायूचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक होतात. प्लास्टरमधून काढलेला पाय आठवा. शिवाय नळी जितके दिवस, तितका न्यूमोनियाचा धोका, तितका मनाचा गोंधळ आणि भास. दुसरीकडे खरोखरची घाईही महागात पडते. ठरवून नळी काढलेल्यांपैकीही साधारण दहा ते वीस टक्के जणांना ती पुन्हा घालावी लागते आणि त्यांची वाट मग खडतर होते. तरीही एक गोष्ट डॉक्टरांनाही विचारात पाडणारी आहे. जे रुग्ण झटापटीत स्वतःच नळी उपटून काढतात, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ती पुन्हा घालावी लागत नाही. म्हणजे ते आधीच तयार होते. आपण विचारलं नव्हतं.

इथं बायकांसाठी म्हणून एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. यंत्रानं एका श्वासाला किती हवा द्यायची, हे रुग्णाच्या वजनावर नाही, तर उंचीवर आणि बाई की पुरुष यावर ठरतं. फुफ्फुसांचा आकार पोट सुटलं म्हणून वाढत नाही! दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचं गणितातलं वजन भरतं साधारण ४३ किलो आणि किलोमागे ६ मिलिलिटर या हिशेबानं तिला हवी सुमारे २६० मिलिलिटर हवा. तीच बाई काट्यावर सत्तर किलो भरली आणि कुणी तोच आकडा धरला, तर तिला ४२० मिलिलिटर जाणार. दीडपटीहून जास्त. जास्त हवेनं फुफ्फुसं फाटतात, सुजतात आणि यंत्रावरचा मुक्काम लांबतो. बेताची हवा दिल्यानं जीव वाचतात, हे २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झालं. तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं. तरीही त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसत राहिलं, की हा नियम बायकांच्या बाबतीत जास्त मोडला जातो. खलनायक कुणी नसतो. झोपलेल्या माणसाची उंची टेपनं कुणी मोजलेली नसते, इतकंच.

उतरतानाही तेच. श्वासाचा वेग आणि एका श्वासातली हवा यांचा भागाकार करून रुग्ण तयार आहे का, याचा अंदाज घेतात. १९९१ पासून त्यासाठी १०५ हा आकडा वापरात आहे. त्याच्या खाली असेल तर चांगलं. पण बाईची फुफ्फुसं लहान, नळीही बारीक. त्यामुळे तिचा आकडा मुळातच थोडा वर राहतो. १९९६ मध्येच हे दाखवून दिलं गेलंय. आकडाच प्रमाण मानला, तर उतरू शकणारी बाई 'नापास' ठरते.

म्हणजे बघा, व्हेंटिलेटरवरून उतरणं हे यंत्राचं काम नाहीच. कुणीतरी गुंगी कमी करायची, कुणीतरी उंची मोजायची, कुणीतरी दोन तास पलंगाशी उभं राहायचं. १९९६ मध्ये अमेरिकेत ३०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचं सार हेच होतं. नर्स आणि श्वसन थेरपिस्ट यांनी रोज सकाळी ठरलेली तपासणी केली, रुग्णानं श्वासाची परीक्षा पास केली की डॉक्टरांना कळवलं. एवढ्यानं यंत्रावरचे दिवस सहावरून साडेचारवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात रुग्णांना यंत्रावर असतानाच जागं करून बसवलं, हलवलं, व्यायाम दिले. त्यातले ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना आपलं आपण सगळं करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ होतं.

मुळात आयसीयूचा जन्मच माणसांच्या हातांतून झालाय. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात नळी घालून रबरी फुग्यानं हातानं श्वास देण्याची युक्ती काढली आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने फुगे दाबत बसले. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं.

आणि आपण? २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पीएम केअर्समधून दोन हजार कोटी रुपयांच्या पन्नास हजार व्हेंटिलेटरची घोषणा झाली. यंत्रं हवीच होती, प्रश्नच नाही. पण मे २०२१ मध्ये मराठवाड्यातल्या व्हेंटिलेटरचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. यंत्रं सदोष आहेत, असं तिथल्या शासकीय रुग्णालयाचं म्हणणं. ती चालवणारी माणसं नीट प्रशिक्षित नाहीत, असं केंद्राचं म्हणणं. कोण बरोबर, यावर पुष्कळ वाद झाला. मला मात्र त्या वादातच आपलं दुखणं दिसलं. खोकी मोजली गेली, पण खोकं उघडल्यावर पलंगाशी कोण उभं राहणार, याची मोजदाद कुणी केलीच नव्हती.

व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी, असा संकेत आहे. मी अशा आयसीयूत काम केलंय, जिथं रात्रपाळीला एक सिस्टर तीन व्हेंटिलेटर सांभाळायची. तिनं गुंगी कमी करायची म्हणजे तिन्ही रुग्ण जागे होणार, नळ्या ओढणार. मग ती काय करणार? गुंगी चालू ठेवते, हात बांधते. तिच्यावर रागवायचं कसं? आणि प्रत्येक जादा दिवसाचं बिल मात्र नातेवाइकांच्या हातात. मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही, की तिच्या नवऱ्याचा एक दिवस आजारानं वाढला की माणूसबळ नव्हतं म्हणून.

अर्थात सगळेच उतरत नाहीत, हेही खरं. वय, जुनाट दमा, हृदय, मेंदूला झालेली इजा यांमुळे काहींच्या बाबतीत उपचारांचा उपयोग संपतो. तिथं यंत्र थांबवण्याचा निर्णय घेता येतो. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला तो हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यासाठी डॉक्टरांची दोन मंडळं असतात, घरच्यांची संमती लागते. तो विषय स्वतंत्र आहे आणि त्याबद्दल घरात मोकळेपणानं बोलायलाच हवं. पण ते 'काढणं' वेगळं आणि बरं झाला म्हणून 'काढणं' वेगळं. हे दोन निर्णय एकाच शब्दाच्या गाठोड्यात बांधले, की जगणाऱ्याला घरी नेलं जातं आणि जो जगणार नाही त्याचा छळ लांबतो. दोन्हीकडून नुकसानच.

मग आपण काय करायचं? आयसीयूच्या बाहेर सतरंजी टाकून बसणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. आत बोलावलं जातं ते मात्र पुरुषांना, 'मुलगा कुठाय? जावई कुठायत?' असं विचारत. तर बाईनंच आत जावं आणि हे प्रश्न विचारावेत. हळू आवाजात, भांडण न करता, पण रोज.

व्हेंटिलेटर कशासाठी लावलाय? फुफ्फुसं बिघडलीत, स्नायू थकलेत की मेंदूचं दुखणं आहे?

आज गुंगी कमी करून बघितली का?

आज स्वतः श्वास घेण्याची परीक्षा झाली का? झाली नसेल, तर कशामुळे?

परीक्षेत जमलं नाही, तर नेमकं काय आड आलं? कफ, पाणी साठणं, अशक्तपणा?

यांची उंची मोजलीय का?

फिजिओथेरपी दिवसातून किती वेळा होते? बसवलं का?

तुमच्या माणसाचा चष्मा आणि कानाचं यंत्र आत नेऊन द्या. जागा झालेला रुग्ण निम्मा घाबरलेला असतो तो धड दिसत नाही, ऐकू येत नाही म्हणून. त्याच्या देखत पैशाचं, जमिनीचं, 'आता किती दिवस' हे बोलणं अजिबात नको. आणि नळी निघाल्यावर लगेच पाण्याचा चमचा तोंडाला लावू नका. घसा बसलेला असतो, गिळणं सावरायला वेळ लागतो. सिस्टर सांगेल तेव्हाच.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या साथीत, आणि ती येणारच, रोजच्या पत्रकात 'व्हेंटिलेटरवर इतके' याच्या शेजारी 'व्हेंटिलेटरवरून उतरले इतके' हा आकडाही द्या. त्यानं लोकांचा धीर टिकेल. शिवाय तो आकडा वाढावा म्हणून नर्स, फिजिओथेरपिस्ट, श्वसन थेरपिस्ट यांची रिकामी पदं भरावी लागतील, हेही आपोआप दिसायला लागेल.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, 'आज काढून बघतोय', तर गावाला फोन लावण्याआधी तिला एवढंच विचारा, 'परीक्षा किती वाजता आहे? मी तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहू का?'